पालातले घर, पोटातले बाळ

दिल्ली एनसीआरमधून पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस परततो आणि त्याच्या मागोमाग माणसे येतात. दसरा उलटला की बुंदेलखंडातील टीकमगढ, छतरपूर, महोबा या जिल्ह्यांतून, बिहार-झारखंडमधून, बंगालच्या मालद्यातून आणि छत्तीसगडमधून कुटुंबेच्या कुटुंबे गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद, बागपत, झज्जर या पट्ट्यात उतरतात. कोणी इमारतींच्या बांधकामावर जातात, कोणी वीटभट्टीवर कच्च्या विटा थापायला बसतात. राहण्याची जागा कामाला लागूनच असते. बांबूंवर ताणलेली ताडपत्री, चार बाजूंनी उभे केलेले पत्रे, नाही तर भट्टीवरच्याच विटा नुसत्या एकावर एक रचून वर टाकलेले छप्पर. मराठी मुलखात भटके लोक ज्याला पाल म्हणतात, त्याच जातीचे हे घर. दिल्लीत त्याला झुग्गी म्हणतात. जोडप्याने आलेल्या या कुटुंबांतील बायका बहुतेक तरुण असतात आणि त्यांतल्या कित्येक गरोदर असतात. आश्विनात जिला पाचवा-सहावा महिना आहे, तिचे बाळंतपण पौष-माघाच्या कडाक्यात येते. म्हणजे पोटातले बाळ वाढण्याचा सगळ्यात महत्त्वाचा काळ दिल्लीचा शरद असतो, आणि तो काळ ताडपत्रीखाली जातो.

तंबूचे घर मुळातच कमअस्सल असते, असे मात्र समजू नये. मंगोलियात गेर आणि मध्य आशियात यर्ट म्हणून ओळखला जाणारा गोल तंबू उणे तीस अंशांच्या थंडीतही ऊबदार राहतो. त्याच्या भिंती घडी होणाऱ्या लाकडी जाळीच्या असतात, त्यांवर मेंढीची लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचे थर चढवतात, मधोमध शेगडी असते आणि तिच्या धुराड्याची नळी छताच्या गोल झरोक्यातून बाहेर जाते. लडाखच्या चांगथांगमधील पशुपालक याकच्या केसांच्या कापडाचा रेबो उभारतात. ही घरे पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून घडलेली आहेत. त्यांत गरोदर बाई राहिली, बाळंतीण राहिली, तान्हे मूल राहिले. एनसीआरच्या पालामागे असा अनुभव नाही. ते मिळेल त्या वस्तूंतून आठवडाभरात उभे राहते आणि काम संपले की मोडते. लोकरीच्या नमद्यात हवा अडकून राहते व तीच ऊब धरते. प्लास्टिकच्या ताडपत्रीला जाडीच नसते, पत्र्यातून उष्णता सहज आरपार जाते. त्यामुळे दुपारी पाल बाहेरच्या हवेपेक्षाही तापते आणि पहाटे जवळजवळ बाहेरच्याइतकेच गार पडते.

शरदात हा फरक फार जाणवतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिल्लीत दुपारचा पारा तेहतीस-चौतीस अंशांवर असतो आणि नोव्हेंबर सरता सरता पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. ढग नसल्याने रात्री जमीन आणि छप्पर दोन्ही वेगाने थंड होतात. माणसांच्या श्वासातल्या वाफेचे ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाणी होते आणि पहाटे थेंब अंथरुणावर पडतात. गरोदरपणात शरीराची उष्णता वाढलेली असते, त्यामुळे दुपारी बाईला घामाने आणि घेरीने हैराण व्हायला होते. रात्री ओलसर गोधडीमुळे सर्दी-खोकला धरतो. यावर पालात राहणाऱ्या बायकांचे उपाय साधे आणि बरोबर असतात. जमिनीवर आधी भाताचा पेंढा किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांवर प्लास्टिक आणि मग अंथरूण, म्हणजे जमिनीचा गारवा व ओल अंगाला लागत नाही. विटांवर फळ्या टाकून केलेली खाट त्याहून चांगली. छपराच्या आतून जुन्या साड्या किंवा गोणपाट ताणले, तर दोन थरांच्या मध्ये हवा राहते, थेंब अंगावर येत नाहीत आणि दुपारचा तडाखाही कमी होतो. नमद्याचेच तत्त्व इथे जुन्या कापडातून साधते.

ऑक्टोबरचा दुसरा त्रास डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटाराच्या पाण्यात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि बांधकामाच्या जागेवर असे पाणी जागोजाग असते: स्लॅबवर पाणी धरण्यासाठी घातलेले आळे, पाण्याचे ड्रम, लिफ्टचे खड्डे. दिल्लीत डेंग्यूचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो. २०१५ मध्ये शहरात पंधरा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. हा डास दिवसा चावतो, म्हणून गरोदर बाईने दुपारी आडवे होतानाही मच्छरदाणी लावायची असते. गरोदरपणात डेंग्यू झाला तर रक्तस्राव आणि वेळेआधी प्रसूती यांचा धोका वाढतो. तापावर औषधाच्या दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेण्याची सवय इथे घातक ठरते; ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळून फक्त पॅरासिटामॉल घ्यावे आणि रक्ताची तपासणी करावी, हे आशा सेविका सांगतात ते याच कारणाने.

दिवाळीच्या सुमारास हवा बिघडते. पंजाब-हरियाणात भात कापणीनंतर पराली, म्हणजे उरलेले धसकट, जाळले जाते. वारा मंद होतो. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि वाहने, कारखाने, कचऱ्याच्या आगी, फटाके व बांधकामाची धूळ या सगळ्यांचा धूर तिच्यात साठत जातो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी. भारताची मर्यादा ६० आहे. नोव्हेंबरच्या वाईट दिवसांत दिल्लीचा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. पक्क्या घरात दारे-खिडक्या लावून, हवाशुद्धी यंत्र चालवून या हवेचा थोडा तरी भाग बाहेर ठेवता येतो. पालाला आत आणि बाहेर असा भेदच नसतो.

हे कण आईच्या फुप्फुसातून रक्तात उतरतात, शरीरात दाह निर्माण करतात, आणि वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू व अन्न कमी पडू शकते. कमी वजनाचे बाळ, वेळेआधी प्रसूती आणि मृत जन्म यांच्याशी प्रदूषित हवेचा संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसला आहे. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर २०२०’ या अहवालाने २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे पाच लाख नवजात बालकांच्या मृत्यूंमागे प्रदूषित हवा असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यूंचा संबंध घरातल्या चुलीच्या धुराशी जोडला. म्हणजे दिल्लीच्या आकाशाची जितकी चर्चा होते, तितकीच चुलीचीही व्हायला हवी. मंगोलियाची राजधानी उलानबातर कोळशाच्या धुराने अशीच कोंडते. तिथल्या घरांत ५४० गरोदर महिलांबरोबर एक प्रयोग झाला. निम्म्या घरांत हवा गाळणारी यंत्रे बसवली. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन त्या घरांत सुमारे ८५ ग्रॅमने अधिक भरले. मे २०१९ मध्ये त्या शहराने कच्चा कोळसा जाळण्यावरच बंदी घातली. ८५ ग्रॅम हा आकडा लहान वाटतो. पण अडीच किलोच्या सीमेवर जन्मणाऱ्या बाळाला तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊ शकतो.

पालातली चूल बहुधा दाराबाहेर तीन विटांची असते, आणि दिवसा तीच जागा बरी. अडचण सरपणाची आहे. बांधकामावर फुकट मिळणारे जळण म्हणजे शटरिंगच्या प्लायवूडचे तुकडे, रंग लागलेली लाकडे आणि पेटवणासाठी प्लास्टिकची पन्नी. प्लायवूडमधला डिंक आणि प्लास्टिक जळताना निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा अधिक विषारी असतो. गरोदर बाईने निदान एवढे केले तरी पुष्कळ: पन्नीने चूल पेटवायची नाही, फुंकणी दुसऱ्याच्या हातात द्यायची, वारा येतो त्या बाजूला बसायचे. रात्रीचा धोका वेगळा आणि मोठा आहे. थंडी वाढली की निखाऱ्यांची अंगीठी आत घेऊन ताडपत्री चारही बाजूंनी खोचली जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. एनसीआरमध्ये दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने माणसे झोपेत दगावतात. पोटातल्या बाळाचे रक्त हा वायू आईच्या रक्ताहून घट्ट धरून ठेवते आणि त्यातून हळू सुटते, म्हणून आई नुसत्या डोकेदुखीवर निभावली तरी बाळाला इजा झालेली असू शकते. झोपण्याआधी अंगीठी बाहेर काढणे, हा नियम पालात कोणीही मोडू नये.

गॅस हा यावरचा खरा उपाय, आणि इथून पत्त्याचा प्रश्न सुरू होतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हा जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा लागे. स्थलांतरित कुटुंबाकडे नेमका तोच नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना स्वयंघोषणेवर जोडणी देण्याची सोय झाली. त्याशिवाय केवळ ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे. भरून आणण्याचा खर्च दिवसाच्या मजुरीतून निघत नाही, ही अडचण उरतेच. तरीही पत्ता न विचारणारी सोय पालापर्यंत पोहोचते आणि पत्ता विचारणारी पोहोचत नाही, ही गोष्ट गरोदरपणाच्या जवळजवळ प्रत्येक बाबतीत पुन्हा पुन्हा दिसते.

खाण्याच्या बाबतीत शरद उदार आहे. दिल्लीच्या बाजारात पालक, मेथी, मुळा स्वस्त होऊ लागतात, नंतर बथुआ आणि सरसों येते. नवी बाजरी, शेंगदाणे, गूळ, पेरू, आवळा सगळे याच दिवसांत. गरोदर बाईची मोठी उणीव लोहाची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. पालेभाजीतले लोह आवळा, लिंबू किंवा पेरूबरोबर अधिक शोषले जाते आणि जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे कमी होते. बांधकामावर मात्र जेवणाच्या सुट्टीतच चहा येतो, तो तासभर पुढे ढकलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. केवळ आहाराने तूट भरत नाही, म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा किमान १८० लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्यायच्या, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. अंगणवाडीतून गरोदर महिलेला रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा जादा आहार देण्याची तरतूद आहे आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क केला आहे. बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाआड राहणाऱ्या बाईला जवळची अंगणवाडी कुठे आहे हे सांगणारे कोणी नसते, आणि अंगणवाडीच्या यादीत त्या कुंपणाआडच्या घरांची नोंद नसते. शरदात करवा चौथ, अहोई अष्टमी, छठ असे कडक उपवासही एकामागून एक येतात. गरोदर बाईला फळ-दूध घेण्याची मोकळीक बहुतेक घरांत असते. निर्जळी मात्र तिने करू नये, कारण पाणी तुटले की गर्भाशयाला कळा सुटू शकतात.

पाण्याचा विषय तसाही नाजूक आहे. टँकर दिवसातून एकदा येतो, शौचालय लांब आणि बिनदिव्याचे असते, म्हणून बायका दिवसभर कमी पाणी पितात आणि लघवी अंधार पडेपर्यंत रोखून धरतात. गरोदरपणात त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, आणि न ओळखलेला संसर्ग वेळेआधी प्रसूतीचे एक कारण आहे. लघवीची साधी तपासणी तो दाखवते. सातव्या महिन्यानंतर रात्रीत तीन-चारदा उठावे लागते; पालाच्या मागे पडदा लावून केलेली छोटी मोरी आणि एक बॅटरी यांनी त्या बाईचे रात्रीचे हाल निम्म्याने कमी होतात. ठेकेदाराला हे करून देण्यात फारसा खर्च नाही, आणि तरीही ते क्वचित होते.

आता कामाकडे. बांधकामावर बाईचे काम डोक्यावरून विटा, रेती, मसाला वाहण्याचे असते. वीटभट्टीवर पहाटे अंधारातच थापणी सुरू होते आणि उकिडवे बसून ती तासन्‌तास चालते. भट्टी नंतर पेटते, पण कच्च्या विटांचे ढीग आधी उभे करावे लागतात. पथेरा म्हणजे विटा थापणाऱ्या कुटुंबाला हजार विटांमागे दर मिळतो आणि हिशोब पुरुषाच्या नावावर लिहिला जातो. बाई निम्म्या विटा थापते, पण वहीत तिचे नाव नसते. पेशगी, म्हणजे गावाहून निघतानाच घेतलेली उचल, फिटेपर्यंत विश्रांती परवडत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात ही घडी मराठी वाचकाच्या ओळखीची आहे: बीडकडून दसऱ्यानंतर निघालेल्या टोळ्या, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, फडाशेजारची कोपी आणि तिच्यात दिवस भरत आलेली बाई. दोन्हीकडे बाईचे गरोदरपण हिशोबाच्या वहीत फक्त खाड्यांच्या रूपाने उमटते.

कायदा याहून पुढे गेलेला आहे, आणि तोही दिल्लीतूनच. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर मस्टरवर रोजंदारी करणाऱ्या बायकांनी बाळंतपणाची रजा मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी निकाल दिला की १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचे संरक्षण केवळ कायम कामगारांपुरते नाही, रोजंदारीवरच्या बाईलाही ते आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकामखर्चावरील उपकरातून कल्याण मंडळे उभी केली. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणीचा हक्क दिला आणि नोंदणी झालेल्या बाईला प्रसूती सहाय्याचा. पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. जो ठेकेदार बाईचे नावच लिहीत नाही, त्याच्याकडून तो दाखला मिळणे हीच सगळ्यात अवघड पायरी आहे. ती ओलांडण्यात कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था मदत करतात तिथे लाभ मिळतो, एरवी उपकराची रक्कम मंडळांकडे पडून राहते.

नोंदणीची खरी किंमत नोव्हेंबरात कळते. हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या पलीकडे गेला की ग्रॅप या टप्प्याटप्प्याच्या योजनेनुसार एनसीआरमधील बहुतेक बांधकामे थांबवली जातात. हवेसाठी हा निर्णय आवश्यक आहे. पण तो लागू झाला की पालातली चूल त्याच दिवशी अडचणीत येते. सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदीच्या काळात कामगारांना उपकरातून निर्वाहभत्ता द्यायला सांगितले. दिल्लीने २०२१ मध्ये ५००० आणि २०२४ मध्ये ८००० रुपये दिले. मिळाले ते नोंदणी असलेल्यांना. बाकीच्यांपुढे उरतो तो गावी परतण्याचा मार्ग, आणि मग सातव्या-आठव्या महिन्यातली बाई अनारक्षित डब्यातून रात्रभर प्रवास करते. मागे राहते ती दिल्लीतल्या दवाखान्यातली पुढची तारीख.

पालातल्या गरोदर बाईचा सर्वांत मोठा धोका इथे आहे. चूल सुधारता येते, छपराला दुसरा थर लावता येतो. पण नऊ महिन्यांची तपासणी ही एक साखळी असते आणि घर हलले की ती तुटते. ती जोडून ठेवणारी वस्तू म्हणजे जच्चा-बच्चा कार्ड. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन, लसी, सोनोग्राफी सगळे त्यात लिहिलेले असते आणि देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते चालते. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आधार कार्डासोबत, ओल न लागेल अशा ठिकाणी ठेवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढची कोणतीही बाई त्या दिवशी जाऊ शकते. आठवड्याचे वार विसरले जातात, पण ९ तारीख लक्षात राहते, आणि ठेकेदाराकडेही त्या एका दिवसाची मोकळीक आधीपासून मागता येते. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया लागली तर तीही, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि वाहन मोफत केले. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये असतात. त्यासाठी मात्र आधार आणि बाईच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते लागते.

या सोयी दुसऱ्या राज्यातून आलेल्या बाईला नाकारता येणार नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० च्या निकालात स्पष्ट केले. न्यायालयापुढे दोन बायकांची प्रकरणे होती. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील एक स्थलांतरित बाई रुग्णालयांचे उंबरठे झिजवून अखेर बाळंतपणानंतर दगावली होती; दुसरी बेघर होती आणि जंगपुऱ्यात झाडाखाली बाळंत झाली होती. आपण गरीब आहोत आणि कुठल्या राज्याचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार गरोदर बाईवर टाकू नये, योजनेचा हक्क तिच्याबरोबर फिरला पाहिजे, असा या निकालाचा गाभा आहे. भारतातील मातृत्वाच्या हक्कांच्या इतिहासात या निकालाचे स्थान फार वरचे आहे, आणि तो जितका माहीत असायला हवा तितका अजून नाही.

बाळंतपण कुठे करायचे हा निर्णय शरदातच घ्यावा लागतो. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत घट्ट आहे. हिंदी पट्ट्यात अनेक ठिकाणी ते सासरी करतात, त्यामुळे मायेच्या माणसाऐवजी सासूच्या सोयीवर सगळे ठरते. गावी सासू आणि दाई असते, पण जवळचे सुसज्ज रुग्णालय लांब असते. दिल्लीत सफदरजंगसारखी मोठी रुग्णालये असतात, पण घरी बघणारे माणूस नसते. ज्या बाईला रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, जुळे किंवा आधीची शस्त्रक्रिया आहे, तिने शहरात राहणेच सुरक्षित. बाकीच्यांनी गावी जायचे असेल तर आठवा महिना लागण्याआधी, कार्ड बरोबर घेऊन जावे. सर्वांत वाईट म्हणजे ठरवलेच नाही म्हणून नवव्या महिन्यात घाईने निघणे.

हलत्या घरातल्या बाईसाठी बाळंतपणाआधी राहायची जागा करणे, हे उत्तर जगाने आधीच शोधले आहे. मंगोलियात पशुपालक बायकांसाठी दवाखान्यांजवळ विश्रामघरे आहेत. दिवस जवळ आले की त्या आपला गेर सोडून तिथे येऊन राहतात. महाराष्ट्राने २०१०-११ पासून आदिवासी भागात माहेरघर योजना आणली: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात गरोदर बाई प्रसूतीआधी काही दिवस मुक्कामाला येते, तिच्या जेवणाची सोय होते. दिल्लीत हे न्यायालयाच्या वाटेने आले. २०१० च्या उन्हाळ्यानंतर शंकर मार्केटजवळ एक निराधार बाई रस्त्यावर बाळंत होऊन दगावल्यावर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी २०११ मध्ये गरोदर व स्तनदा निराधार बायकांसाठी स्वतंत्र निवारे करण्याचे आदेश दिले. दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळाची कायम निवारागृहे वर्षभर चालतात आणि १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात त्यांच्या जोडीला जलरोधक पॅगोडा तंबू उभारले जातात. बांधकामाच्या छावण्या मात्र खासगी जागेत असल्याने या व्यवस्थेच्या नजरेबाहेर राहतात. औद्योगिक वसाहतींच्या आरोग्य केंद्रांना लागून दहा-वीस खाटांची माहेरघरे करणे एनसीआरला अवघड नाही. इथे ती सर्वांत आधी व्हायला हवीत.

पालातल्या मुलांसाठी पहिली व्यवस्थित सोयही एका तंबूतच सुरू झाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम राजघाटजवळ चालू होते. आया विटा वाहत होत्या आणि त्यांची बाळे धुळीत पडलेली होती. बेने इस्रायली समाजात जन्मलेल्या हिंदी कादंबरीकार मीरा महादेवन यांनी ते पाहिले आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. तेच मोबाइल क्रेशेस. काम जिथे हलेल तिथे पाळणाघर हलवायचे, ही त्यामागची कल्पना. १९७२ मध्ये मुंबईत काम सुरू झाले, पुढे पुण्यातही. पुण्यात आज तारा मोबाइल क्रेशेस हे काम करते. अशा पाळणाघरात गरोदर बायकांची नोंद होते, त्यांना दवाखान्यात नेले जाते, मोठे मूल सांभाळले जाते आणि म्हणून आई ९ तारखेला तपासणीला जाऊ शकते. आई बाळंत झाल्यावर मधल्या सुट्टीत येऊन बाळाला पाजू शकते, हा त्याहून मोठा लाभ.

बाळ पौषात पालात येते तेव्हा थंडी हा पहिला प्रश्न असतो. नवजात बाळाचे अंग ३६.५ ते ३७.५ अंशांमध्ये राहायला हवे. जन्मानंतर किमान चोवीस तास अंघोळ नको; कमी वजनाच्या बाळाला तर आईच्या उघड्या छातीशी, वरून शाल गुंडाळून धरणे, हा कांगारू उपचार अंगीठीपेक्षा ऊबदार आणि निर्धोक आहे. बाप, आजी, मावशी कोणीही ते करू शकते. बाळाला टोपी-मोजे, आईच्या कुशीतच झोप, पहिल्या तासात अंगावरचे दूध आणि सहा महिने फक्त तेच. टँकरच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पालातल्या बाळासाठी सर्वांत धोक्याचे. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ तपासते. घर कुठे आहे हे तिला कळावे म्हणून रुग्णालयातून निघतानाच बांधकामाचे नाव, ठेकेदाराचा फोन आणि जवळची खूण लिहून द्यावी लागते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत, जिथे जन्म झाला तिथेच होते; आईबापांचे घर कुठल्या राज्यात आहे याने फरक पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म प्रमाणपत्र शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत पुरावा म्हणून चालते, म्हणून ते मिळाल्याशिवाय कुटुंबाने पुढच्या कामाच्या ठिकाणी हलू नये.